पत्राचं दुसरं पान

नऊ वर्षं मी एकाच बाईंना एकच उत्तर पाठवत होते. ‘आपल्या पत्राची नोंद घेण्यात आली आहे. योग्य ती कार्यवाही करण्यात येईल.’ खाली माझी सही, संघमित्रा इंगोले. नोंद कुठेही घेतलेली नसायची आणि कार्यवाही माझ्या हातात नव्हती. पण असलं वाक्य एकदा टाइप केलं की काम झाल्यासारखं वाटतं, आणि नोकरीत माणूस तेवढ्यावर भागवतो.

त्या बाईंचं नाव मृणालिनी पेंडसे. शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या. मुलुंडला आमच्या लाँड्रीच्या मागे एक गल्ली आहे, गल्लीपलीकडे श्रीनिकेतन सोसायटी, आणि तिच्या चौथ्या, म्हणजे शेवटच्या मजल्यावर पेंडसेबाई. वरच्या गच्चीत त्या कपडे वाळत घालायच्या आणि आमच्या चिमणीची काजळी त्या कपड्यांवर बसायची. त्यावर दर महिन्याला एक पत्र यायचं, निळ्या शाईत, दोन पानांचं. पहिली ओळ वाचली की पुढचं सगळं मला पाठ असल्यासारखं वाटायचं. पत्र फाइलला लावायचं, उत्तर छापायचं, चहा मागवायचा.

आमची लाँड्री म्हणजे कोपऱ्यावरचं इस्त्रीचं दुकान नव्हे. अंधेरीला विमानतळाजवळ जी मोठी हॉटेलं आहेत, त्यांच्या चादरी, टॉवेल आणि उशांचे अभ्रे रोज पाच-सहा टन आमच्याकडे येतात. धुवायला, वाळवायला, इस्त्रीला, सगळ्याला वाफ लागते आणि वाफेला बॉयलर लागतो. आमच्याकडे बॉयलर दोन होते. पुढच्या बाजूला गॅसचा, पिवळा रंग दिलेला, लोकांना दाखवायचा. मागच्या बाजूला कोळशाचा, ज्याचा मूळ रंग कुणालाच आठवत नव्हता. गॅस आला तेव्हा कोळसा बंद करायचं ठरलं होतं. पण गॅस महाग होता, आणि कोळसा गोण्यांतून गुपचूप, बिलाबिगर येत होता. त्यामुळे कागदावर पिवळा बॉयलर चालायचा आणि खऱ्या चादरी काळ्याच्या जिवावर वाळायच्या. परक्या लोकांची अंथरुणं आम्ही पांढरीशुभ्र करत होतो आणि शेजारणीचे कपडे काळे. याची मला लाज वाटायला हवी होती. तेव्हा वाटत नव्हती, हे आता सांगून टाकते.

कोळशाच्या बॉयलरवर राजाराम काका होते. सव्वीस वर्षं. हिंगोलीकडचे, माझ्या वडिलांच्या गावचे. वडील गेले तेव्हा मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते. बुद्धवंदना झाल्यावर सगळे पांगले, पण राजाराम काका थांबले आणि म्हणाले, ‘‘परीक्षा दे आणि सरळ माझ्याकडं ये.’’ मी गेले, आणि त्यांनी मला हाताला धरून शेठच्या केबिनमध्ये उभं केलं. आज माझ्या घरात जे काही आहे त्याची सुरुवात त्या दिवशी झाली. काकांना खोकला होता, बॉयलरवर असणाऱ्या प्रत्येकाला असतो तसा. दर अर्ध्या-पाऊण तासाने ते मागच्या पायरीवर येऊन उभे राहायचे, चार श्वास घ्यायचे आणि परत आत जायचे. मला वाटायचं, ते मी सोडून कुणालाच दिसत नाही.

दोन वर्षांपूर्वी आमचे मालक, श्यामसुंदर शेठ, यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. त्यांच्या वडिलांनी एका हंड्यावर सुरू केलेली ही लाँड्री. जागेवर आता बिल्डरांचा डोळा होता.

‘‘मित्रा, नेदरलँड्सची पार्टी आहे,’’ शेठ म्हणाले. ‘‘बारा देशांत लाँड्र्या आहेत त्यांच्या. आपल्यात पैसा टाकायला तयार आहेत. नवीन बॉयलर, नवीन मशीन, सगळं. आले तर वाचलो. नाही आले तर ही जागा मी विकणार. माझ्याच्यानं आता नाही होत.’’

‘‘आणि माणसं?’’

‘‘भिवंडीच्या पुढे शेड बघून ठेवलीय. यायचं त्यांनी यावं ना.’’

आमच्याकडे शहाऐंशी माणसं. त्यातल्या साठ बायका घड्या घालण्याच्या टेबलांवर, आणि त्यातली एकही पायी वीस मिनिटांच्या पलीकडे राहत नाही. त्यातली शकु मला जिन्यातच गाठायची. ‘‘खरं सांग गं, जातेय का लाँड्री? मला नाही जमणार तिकडं. सासूला दुपारी मी नाही भरवलं तर कोण भरवणार?’’ मी म्हणायचे, नाही जात. कशाच्या आधारावर म्हणायचे ते मलाही माहीत नव्हतं.

त्या परदेशी लोकांच्या पैशाला एक अट होती. किलोभर कपड्यामागे आपण हवेत किती कार्बन सोडतो ते त्यांना कळायला हवं होतं, आणि त्यांच्या पैशाने तो किती कमी होणार तेही. शेठना हे पटत नव्हतं. ‘‘अरे, आधी यांनीच धूरवाले कारखाने आपल्याकडे पाठवले. आता यांनीच येऊन चिमणी मोजायची.’’ म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. पण पैसा हवा होता, म्हणून त्यांनी मला फाइल बनवायला सांगितली.

आणि इथे आम्ही जे केलं ते आम्हीच करू शकतो. पाहुणे येणार म्हटल्यावर आम्ही घर आवरलं. दोन दिवस कोळशाचा बॉयलर बंद ठेवला, त्याच्यावर ताडपत्री टाकली आणि पुढे मनीप्लांटच्या कुंड्या मांडल्या. गोण्या जुन्या गोदामात गेल्या. फाइलमध्ये मी फक्त गॅसची बिलं लावली. मग शेठच्या लक्षात आलं की एवढ्याशा गॅसवर एवढ्या चादरी वाळतात कशा, असं कुणी विचारलं तर काय सांगणार. म्हणून त्यांनी गच्चीवर दोऱ्या बांधायला लावल्या आणि दोनशे चादरी उन्हात वाळत घातल्या. शकु आणि तिच्या मैत्रिणी त्या दिवशी हसून हसून बेजार झाल्या होत्या.

कंपनीतर्फे आनेके नावाच्या बाई आल्या. उंच, पन्नाशीच्या, बोलायला साध्या. गच्चीवर गेल्या आणि त्या पांढऱ्या चादरींच्या रांगा बघून हरखून गेल्या. ‘‘सगळं असंच वाळवता?’’ त्यांनी इंग्रजीत विचारलं. शेठनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, ‘‘मुंबईचं ऊन, मॅडम. फुकट मिळतं.’’ त्यांनी वीस-पंचवीस फोटो काढले. खाली ताडपत्रीशेजारी राजाराम काका धुतलेला शर्ट घालून उभे होते. त्यांनी मान वर केली नाही.

सहा आठवड्यांनी मेल आला. शेठनी मोठ्याने वाचायला सांगितलं, म्हणून मी वाचला. अभिनंदन, तुमची लाँड्री आम्ही पाहिलेल्या सर्वांत स्वच्छ लाँड्र्यांपैकी आहे. तुमचे फोटो आम्ही आमच्या वार्षिक अहवालात छापू इच्छितो. मात्र आमचा निधी जिथे धूर जास्त कमी होईल तिथे वापरायचा आहे, आणि तुमच्याकडे कमी करण्यासारखं फारसं उरलेलं नाही. यंदा तो व्हिएतनाममधल्या एका लाँड्रीला देण्याचं ठरलं आहे. आपल्या कार्यास शुभेच्छा.



‘‘वाट लागली,’’ शेठ म्हणाले. मग हसायला लागले, आणि हसता हसता डोळे पुसले. ‘‘पंचवीस वर्षं धूर केला, कुणी बघितलं नाही. दोन दिवस नाही केला, तर तेवढेच बघितले.’’ आणि माझ्यासमोरच त्यांनी बिल्डरला फोन लावला. पुढच्या महिन्यात बसू या, असं ठरलं.

मी मागे गेले. राजाराम काका पायरीवर उभे होते. मी त्यांना सगळं सांगितलं.

‘‘मग खरं सांगून टाक की,’’ ते म्हणाले.

‘‘काका, आधी खोटं सांगितलंय. आता आम्ही फार घाणेरडे आहोत, पैसे द्या, असं सांगितलं तर कोण विश्वास ठेवेल? कोळशाचं एक बिल नाही आपल्याकडे.’’

काका खोकले. मग समोरच्या गच्चीकडे बोट केलं. ‘‘त्या बाईंना विचार. मी बॉयलर पेटवला की त्या घड्याळ बघतात आणि वहीत लिवतात. विझवला की परत लिवतात. रोज. मी इथून बघतो, त्या तिथून बघतात. तुला पत्रं येतात ना त्यांची?’’

येतात, असं म्हणायला तोंड उघडलं आणि मला आठवेना, शेवटचं कधी आलं होतं ते.

कपाटातून त्यांच्या पत्रांच्या पाचही फाइली काढल्या आणि टेबलावर पसरल्या. शेवटचं पत्र तब्बल चौदा महिन्यांपूर्वीचं होतं. त्यात लिहिलं होतं, ‘आपणांस लिहिणे आता थांबवीत आहे. नोंदी मात्र ठेवीन, कारण ती सवय झाली आहे.’ त्या पत्रालाही मी उत्तर पाठवलं होतं. आपल्या पत्राची नोंद घेण्यात आली आहे.

मग मी पहिल्यांदा दुसरं पान उलटलं.

दुसऱ्या पानावर तक्ता होता. तारीख, धूर सुरू झाल्याची वेळ, थांबल्याची वेळ, धूर काळा की करडा. भूगोलाच्या बाईंनी आखलेला तक्ता, एक रेघ वाकडी नाही. आणि तक्त्याच्या खाली दर पत्रात एक-दोन ओळी होत्या. ‘आपला भट्टीवरचा माणूस आज नऊ वेळा बाहेर आला. त्याला नाकावर बांधायला काहीतरी द्यावे.’ पुढच्या पत्रात, ‘भट्टीवरचा माणूस चार दिवस दिसला नाही. आजारी आहे काय?’ त्याच्या पुढे, ‘परत आला. बारीक झाला आहे.’ एका मे महिन्यात, ‘त्याला पायरीवर एक खुर्ची तरी ठेवा. माझ्याकडे जादा आहे, मी देऊ शकते.’

नऊ वर्षं. माझ्या काकांसाठी कुणीतरी खुर्ची देऊ करत होतं आणि मी त्या कागदांना पंच मारून फाइलला लावत होते. मी टेबलावर डोकं ठेवून रडले. 

दुसऱ्या दिवशी सकाळी मी श्रीनिकेतनचे चार मजले चढले. दार उघडलं ते बाईंनीच. सुती साडी, चष्मा, आणि वर्गात उशिरा आलेल्याकडे बघतात तशी नजर.

‘‘मी संघमित्रा इंगोले. लाँड्रीतून.’’

‘‘सही ओळखते मी तुमची. माझ्या एकाही पत्राचं दुसरं पान वाचलंत का?’’

‘‘काल वाचलं, बाई.’’

‘‘काल,’’ त्या म्हणाल्या. ‘‘या आत.’’

मी काही लपवलं नाही. बिलं, ताडपत्री, कुंड्या, चादरी, मेल, बिल्डर, सगळं सांगितलं. चादरींचं सांगितलं तेव्हा त्यांनी चष्मा काढला.

‘‘ते मी पाहिलं होतं,’’ त्या म्हणाल्या. ‘‘फेब्रुवारीत. तुमच्या गच्चीवर चादरी आणि चिमणी थंड. मला वाटलं, शेवटी कुणीतरी माझी पत्रं वाचली. दोन दिवस मी फार खूश होते हो. मुलीला बोरिवलीला फोन करून सांगितलं. तिसऱ्या दिवशी सकाळी परत धूर.’’

मी फक्त हात जोडले. त्यांनी पाण्याचा पेला पुढे केला आणि आतून वही आणली.

‘‘वही देते. पण आधी सांगा, नवा बॉयलर कशावर चालणार?’’

‘‘विजेवर.’’

‘‘आणि वीज कशावर?’’

‘‘छपरावर सोलर आणि पवनचक्कीवाल्यांशी करार, असं त्यांच्या कागदात आहे.’’

‘‘ज्या तासाला वारा नसेल आणि ऊन नसेल, त्या तासाला?’’

‘‘ते मला माहीत नाही, बाई.’’

‘‘हे तुमचं मला मिळालेलं पहिलं खरं उत्तर,’’ त्या म्हणाल्या, आणि पहिल्यांदा थोडं हसल्या. ‘‘माझी एकच अट. जुना बॉयलर विकायचा नाही. तोडायचा. नाहीतर तो कुठेतरी जाऊन दुसऱ्या कुणाच्या गच्चीवर धूर सोडेल आणि तुम्ही लोक म्हणाल, आमचा कमी झाला.’’

मी कबूल केलं. शब्द द्यायचा अधिकार मला नव्हता, तरी दिला.

पुढचे तीन दिवस मी आणि राजाराम काका दुपारी कँटीनमध्ये पत्रं आणि वही घेऊन बसत होतो. मी तारीख आणि वेळ वाचायची, काकांनी डोळे मिटून सांगायचं. ‘‘साडेदहा ते दोन, काळा धूर? म्हणजे पूर्ण लोड. तासाला तीन गोण्या, वर पेटवायची एक. करडा असला तर दोनच धर.’’ मध्येच एखाद्या नोंदीवर थबकायचे. ‘‘हां, त्या दिवशी ओला कोळसा आला होता. बाईंनी बरोबर लिवलंय बघ.’’ दोघं एकमेकांशी आयुष्यात एक शब्द बोलले नव्हते, आणि एकानं लावलेल्या आगीची वेळ दुसऱ्यानं अशी जपून ठेवली होती. खालच्या ओळी मी त्यांना वाचून दाखवल्या नव्हत्या. तिसऱ्या दिवशी दाखवल्या. काकांनी खुर्चीची ओळ दोनदा वाचायला लावली.

शेठना हिशेबाचा कागद दाखवला तर ते उडालेच. ‘‘तुझं डोकं फिरलंय काय? हे पाठवायचं? कोळसा जाळतो म्हणून स्वतःच्या हातानं लिहून द्यायचं?’’

‘‘शेठ, जागा तर तुम्ही विकतायच. गेलं तर काय जाणार आहे? वडिलांच्या हंड्याचा तरी विचार करा.’’

ते शेवटचं वाक्य मी बोलायला नको होतं, पण तेच लागलं. ते खिडकीशी जाऊन उभे राहिले. मग म्हणाले, ‘‘पाठव. खाली माझी पण सही घे.’’

आनेकेंचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा केबिनमध्ये आम्ही तिघं होतो. त्या चिडलेल्या होत्या आणि ते त्यांनी लपवलं नाही. ‘‘त्या चादरी तुम्ही माझ्यासाठी टांगल्या होत्या?’’

मी हो म्हटलं. उन्हाचं वाक्य माझंच होतं, तेही सांगितलं. मग राजाराम काका बोलले आणि मी शब्दाला शब्द इंग्रजीत सांगत गेले.

‘‘मॅडम, आमच्या घरी पाहुणं आलं की फाटकी गोधडी आम्ही आत टाकतो. तुम्हाला फसवायचं नव्हतं, तुम्हाला चांगलं दिसावं असं वाटलं. चूक झाली. पण कोळसा माझ्या हातानं टाकलाय, त्याची साक्ष मी देतो. आणि समोरच्या बाई देतात.’’

आनेके म्हणाल्या, ‘‘नऊ वर्षं मी हे काम करते. पैसे मिळावेत म्हणून सगळे आहे त्यापेक्षा जास्त घाण दाखवतात. आहे त्यापेक्षा स्वच्छ दाखवून पैसे घालवणारे तुम्ही पहिले.’’ आणि त्यांना हसू आवरेना. शेठही हसले. मी मात्र अजून भीत होते.

त्यांनी दोन इंजिनिअर पाठवले. चौदा दिवस त्यांनी प्रत्येक गोणी वजन करून बॉयलरमध्ये टाकायला लावली, आणि समोर पेंडसेबाई आपल्या वहीत नेहमीसारख्या वेळा लिहीत होत्या. शेवटी दोन्ही आकडे शेजारी ठेवले. चौदा दिवसांत फरक पडला तो चार गोण्यांचा. आम्ही फाइलमध्ये दाखवला होता त्याच्या जवळजवळ तिप्पट कार्बन खरा निघाला. इतक्या वाईट आकड्यावर इतका आनंद मला पुन्हा कधी होईल असं वाटत नाही.

व्हिएतनामचं काम त्यांनी थांबवलं नाही, आणि ते बरंच झालं. तिथेही कुणी राजाराम काका असणारच. आमच्यासाठी पुढच्या वर्षाच्या निधीतून तरतूद झाली. करारावर सह्या करायच्या आदल्या दिवशी काकांनी मला आनेकेंना एक प्रश्न विचारायला लावला. ‘‘नवीन मशिनी आल्या की काम दुप्पट होणार म्हणता. किलोमागं धूर कमी, ठीक. पण किलोच दुप्पट झाले तर एकूण किती?’’ आनेकेंनी पेन खाली ठेवलं. हा प्रश्न आमचे भागधारकही विचारत नाहीत, असं म्हणाल्या. करारात मग दोन कलमं वाढली. एक, किलोमागचा नाही तर लाँड्रीचा एकूण कार्बन उतरला पाहिजे, आणि त्यात वारा-ऊन नसतानाची वीजही धरायची. दुसरं, जुना बॉयलर विकता येणार नाही. दुसरं कलम माझ्या सांगण्यावरून होतं. शेठनी बाहेरगावचं गिऱ्हाईक बघून ठेवलं होतं, त्यामुळे दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत.

बॉयलर कापला त्या दिवशी राजाराम काकांनी त्याच्या दारावर एक झेंडूचं फूल ठेवलं. ‘‘पोरं शिकवली यानं माझी,’’ एवढंच म्हणाले, आणि गॅस कटरवाल्याला खूण केली.

नव्या विजेच्या बॉयलरचं बटण दाबायला पेंडसेबाईंना बोलवायला मी स्वतः गेले होते. त्या आल्या नाहीत. ‘‘तुमच्या शेठवर माझा अजून राग आहे. आणि मला धूर नसलेला बघायचाय, बटण नाही.’’ त्यामुळे बटण शकुने दाबलं. ती अजून रोज दुपारी घरी जाऊन सासूला भरवून येते.

महिना उलटला. राजाराम काका आता पुढच्या बाजूच्या एका काचेच्या खोलीत बसतात. समोर पडदा, त्यावर आकडे. त्यांनी ते तीन आठवड्यांत शिकून घेतलं. खोकला पूर्ण गेलेला नाही. सव्वीस वर्षांचा तो, इतक्यात कसा जाईल? पण मध्येच उठून पायरीवर जायची त्यांना गरज पडत नाही.

आणि मग एका सोमवारी टपालात निळ्या शाईचं पाकीट आलं. जवळजवळ तीन वर्षांनी. पहिल्या पानावर लिहिलं होतं, ‘गेल्या एकतीस दिवसांत धूर दिसला नाही. कपडे स्वच्छ आहेत. आपली आभारी आहे.’ मी लगेच पान उलटलं. तक्ता आखलेला होता, एकतीस ओळींचा, आणि सगळे रकाने रिकामे. खाली एक ओळ.

‘आपला भट्टीवरचा माणूस महिनाभर पायरीवर आला नाही. तो बरा आहे ना?’

मी उत्तर टाइप केलं नाही. पत्र हातात घेऊन तशीच काचेच्या खोलीत गेले आणि राजाराम काकांना मोठ्याने वाचून दाखवलं. ते उठले. शर्टाची बटणं नीट केली, केसांवरून हात फिरवला आणि मागच्या दाराने पायरीवर जाऊन उभे राहिले. मी त्यांच्या मागे. समोरच्या गच्चीवर बाई कपडे काढत होत्या. त्यांनी आधी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं, सवयीने, आणि मग आमच्याकडे.

काकांनी दोन्ही हात जोडून डोक्याच्या वर नेले. ‘‘मी बरा हाय, बाई!’’ ते ओरडले. एका दमात, न खोकता.